जुन्या जीपगाड्यांच्या उंच कमानी आणि गाडीची चाल

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत जुन्या जीपगाड्या अजून दृष्टीस पडतात. कांहीं वरूड-मोर्शीकडील संत्र्यांच्या बागांतून पेट्या वाहतात, कांहीं मेळघाटांतील गांवांहून माणसें परतवाड्यास आणतात, आणि कांहीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबांच्या दारीं केवळ हौसेनें जपून ठेवलेल्या असतात. सुटीच्या दिवशीं चिखलदरा किंवा नरनाळा गांठावयाचा, थंडींत बहिरमची यात्रा पाहावयाची, आणि एरव्हीं ताडपत्रीखालीं उभें राहावयाचें, असा या शेवटच्या वर्गाचा दिनक्रम असतो. अशा गाडीच्या मालकाच्या मनांत एक विचार केव्हां ना केव्हां येतोच: गाडी थोडी उंच करून घ्यावी काय?

उंच केलेल्या गाडीला रुबाब येतो, तिला मोठीं चाकें बसतात आणि नाल्यांतील दगडाला तिचें पोट घांसत नाहीं, हें सर्व खरें. परंतु कमानवाल्याकडून गाडी दोन-तीन इंच वर करून आणली म्हणजे पहिल्याच सहलींत मागच्या बांकावरील मंडळी कुरकुरूं लागते. पूर्वीं जो खड्डा गाडी मुकाट्यानें गिळीत असे तोच आतां मणक्यापर्यंत पोहोंचतो. उंच गाडी म्हणजे कडक गाडी, असा मग समज होऊन बसतो. हा समज अर्धाच खरा आहे. उंची आणि कडकपणा या दोन स्वतंत्र गोष्टी असून, उंची कोणत्या रीतीनें मिळविली यावर त्यांची गांठ पडणें किंवा न पडणें अवलंबून असतें. रीत बदलली तर तीच उंची मऊ चालीसह मिळूं शकते. मात्र तिचें मोल दुसरीकडे कोठें तरी द्यावें लागतें, आणि तें कोठें द्यावें लागतें हें गाडी कारखान्यांत नेण्यापूर्वीं कळलेलें बरें.

हा विषय हौशी लोकांपुरताच आहे असें कोणी समजूं नये. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील आडवळणाच्या पाड्यांतून आजारी माणसाला सडकेपर्यंत आणावयाचें झालें कीं मिळेल तें वाहन कामीं येतें, आणि त्यांत जुनी जीपहि असते. पुढें परतवाड्यापर्यंतचा घाट उरतोच. जीपमधील मागची जागा नेमकी मागच्या आसावर येते. चालविणारा दोन आसांच्या मध्यें बसतो. म्हणून चालविणाऱ्याला जो धक्का साधारण वाटतो तो मागें निजविलेल्या रोग्याला दुप्पट वाटला तर नवल नाहीं. बाळंतपणासाठीं निघालेली स्त्री किंवा मोडलेलें हाड फळीला बांधलेला मजूर यांच्या दृष्टीनें कमानींतील एखाद्या जाड पाट्याला फार मोठा अर्थ आहे.

या गाड्यांचें कुळ बहुधा एकच. १९४१ सालीं अमेरिकेंत लष्करासाठीं विलिस जीप तयार होऊं लागली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीनें मुंबईस तिची जोडणी सुरू केली आणि पुढें कित्येक दशकें तोच सांगाडा थोडाफार फेरफार करून चालूं ठेविला. सीजे-३बी, एमएम-५४०, कमांडर अशीं नांवें बदलत गेलीं, पेट्रोलच्या जागीं डिझेल एंजिन आलें. पण पुढें-मागें अखंड आस आणि त्यांवर चार पोलादी कमानी ही बैठक टिकली. १९८५ सालीं आलेली मारुति जिप्सीहि याच जातीची, आणि मेळघाटच्या जंगलांत वाघ पाहावयास गेलेल्यांनीं तिच्या कमानींची परीक्षा आपापल्या पाठीनें केलेली असेल. २०१० सालच्या महिंद्र थारला मागें कमानीच होत्या. २०२० च्या नव्या थारमध्यें मात्र त्या जाऊन चारी बाजूंस गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. म्हणून येथील विवेचन त्यापूर्वींच्या गाड्यांपुरतें आहे.

कमान म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची जुडी. सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. त्यांपैकीं एक डोळा चेसीला खिळीनें पक्का जोडलेला, आणि दुसरा शॅकल नांवाच्या लहानशा झुलत्या कडीला. जुडी दबली कीं ती सपाट होऊन लांबते, आणि ही वाढलेली लांबी शॅकल मागेंपुढें झुलून सामावून घेतो. वऱ्हाडच्या बंडीला असें कांहींच नसतें. तिचा साटा सरळ आसावर बसतो. दमणींतून माहेरीं निघालेल्या लेकीबाळींसाठीं खालीं तणस पसरून वर गादी घालीत, तीच त्या वाहनाची कमान. टांग्याला मात्र पोलादी कमानी आल्या. लंडनच्या ओबडाया एलियट यानें १८०४ सालीं घोड्याच्या गाड्यांसाठीं कमानींची जी रचना नोंदविली, तिच्याच वंशांत टांगा, मोटार आणि जीप या तिन्हींच्या कमानी येतात.

आतां कडकपणाविषयीं. पाट्याची रुंदी दुप्पट केली तर तो दुप्पट कडक होतो, यांत विशेष कांहीं नाहीं. जाडीचा हिशेब मात्र निराळा आहे. जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट होतो. आणि लांबी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. दोहोंचाहि परिणाम घनाच्या प्रमाणांत होतो, असें गणिती म्हणतील. व्यवहारांत याचा अर्थ असा कीं, सहा मिलिमीटरच्या जागीं आठ मिलिमीटरचा पाटा घातला तर डोळ्यांना तो फरक फारसा जाणवत नाहीं, पण तो एक पाटा जुन्या सव्वादोन पाट्यांहून अधिक कडक असतो. याच कारणानें लांब कमान मऊ असते. मूळच्या लष्करी विलिस जीपची पुढची कमान सुमारें ३६ इंच आणि मागची ४२ इंच लांब होती. फरक अवघा सहा इंचांचा. परंतु तेवढेच पाटे, तेवढ्याच जाडीचे, दोन्हीकडे घातले तर लांब कमान आंखूड कमानीपेक्षां दीडपटीहून अधिक मऊ भरते. आंखूड कमानींची गाडी जात्याच थोडी हट्टी असते, आणि जुनी जीप त्यांपैकींच एक आहे, हें आधींच मान्य करून ठेवावें.

जाड पाट्यांचा आणखी एक दोष आहे. पाटा जितका जाड तितका तो वांकतांना त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठावर ताण अधिक पडतो; म्हणून त्याला फार वांकवितां येत नाहीं. पातळ पाटा पुष्कळ वांकूनहि तुटत नाहीं. यासाठींच चांगल्या कमानींत पातळ पाटे अधिक संख्येनें घालतात. अर्थात् पाटे वाढले कीं त्यांच्यामधील घर्षणहि वाढतें. तें अगदीं नसावें असें नाहीं. पूर्वीं शॉक-ॲब्झॉर्बर नव्हते तेव्हां गाडीचे झोंके हेंच घर्षण थांबवीत असे. पण गंज चढलेल्या, वाळलेल्या जुडींत तें इतकें वाढतें कीं लहान धक्क्याला पाटे सरकतच नाहींत. मोठ्या खड्ड्यांत कमान वांकते, परंतु मुरमाच्या रस्त्यावरील बारीक लाटांवर ती एखाद्या ठोकळ्यासारखी वागते. 'गाडी हल्ली फार आदळते' अशी तक्रार घेऊन आलेल्या पुष्कळ गाड्यांना नव्या कमानींची गरजच नसते. पाटे सोडवून घांसून स्वच्छ करावेत, मधें ग्रॅफाइटयुक्त ग्रीस भरावें, झिजलेले बुश बदलावेत, एवढ्यानें अर्धें काम होतें. जुन्या काळच्या मोटारींच्या कमानींना चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळी घालीत, म्हणजे धूळ आंत जात नसे. ती चाल मागें पडली. वऱ्हाडांतील उन्हाळ्याची धूळ पाहतां ती पडावयास नको होती.

कमानीचा मऊपणा घरच्या घरीं मोजतां येतो, आणि दुकानदाराच्या शब्दापेक्षां ही मोजणी अधिक विश्वसनीय. गाडी सपाट जागीं उभी करावी. मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डाच्या कांठापर्यंतचें अंतर दोन्ही बाजूंस मोजून लिहून ठेवावें. मग मागच्या आसाच्या बरोबर वर सिमेंटचीं दोन पोतीं, म्हणजे १०० किलो वजन, ठेवावें. गाडी दोन-तीनदां हातानें दाबून हलवावी, म्हणजे पाट्यांतील घर्षणामुळें अडकलेली कमान मोकळी होते. आणि अंतर पुन्हां मोजावें. समजा, गाडी २० मिलिमीटर बसली. मागच्या कमानींवर मुळांत ५०० किलो भार असेल तर त्या भारानें कमान १०० मिलिमीटर दबलेली आहे असें ठरतें. अशी गाडी सेकंदाला सुमारें १.६ झोंके घेते. ही चाल जीपच्या मानानें मऊ समजावी. तेवढ्याच वजनानें गाडी १० मिलिमीटरच बसली तर झोंके सेकंदाला २.२ होतात, आणि पांचच मिलिमीटर बसली तर तीनांवर जातात. कमान चौपट कडक झाली कीं झोंके दुप्पट होतात, असा हा नियम आहे. बसलेल्या मनुष्याच्या धडाला सेकंदाला चार ते आठ वेळां होणारा खालवर हादरा सर्वांत अधिक बाधतो, असें संशोधनांती ठरलें आहे. झोंके त्या पट्ट्याकडे सरकूं लागले म्हणजे पोटांत ढवळणें आणि कंबर भरणें सुरू होतें. दोन निरनिराळ्या कमानींची तुलना करावयाची असेल तर हीच मोजणी दोन्हींवर करावी. कोणाची मऊ आणि कोणाची कडक, हा वाद तेथेंच मिटतो.

आतां गाडी उंच करण्याच्या रीतींकडे वळावयास हरकत नाहीं. बाजारांत त्या मुख्यतः चार आहेत.

सर्वांत स्वस्त रीत लांब शॅकलची. झुलती कडी लांब केली कीं कमानीचें एक टोक खालीं जातें आणि गाडी वर येते. परंतु दुसरें टोक जागच्या जागीं असल्यामुळें कडी जितकी वाढवावी त्याच्या निम्मीच उंची हातीं लागते. दोन इंच हवे असतील तर शॅकल चार इंचांनीं वाढवावा लागतो. पाट्यांना हात लागत नसल्यामुळें चाल जवळजवळ पहिल्यासारखी मऊ राहते, आणि तुलनेंत ही रीत पहिल्या दिवशीं उत्तम वाटते. दोष नंतर दिसूं लागतात. पुढच्या आसाचा कल बदलतो, स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येण्याचें सोडून देतें, आणि वेग वाढला कीं गाडी रस्त्यावर भटकूं लागते. लांब कडी आडवीहि डुलते. घाटांतील वळणावर गाडीचें अंग एका बाजूस झुकून क्षणभर तेथेंच थांबल्यासारखें वाटतें, तें यामुळें. मागच्या बाजूस थोडा लांब शॅकल एक वेळ चालेल. पुढें तो न घातलेलाच बरा.

दुसरी रीत एक पाटा वाढविण्याची. हीच अधिक प्रचारांत आहे, कारण ती एका दुपारीं होते. जुडीच्या मधें किंवा खालीं एक जाड, आंखूड, अधिक वांकविलेला पाटा सारतात. तो बाकीच्यांना वर ढकलतो आणि गाडी इंच-दोन इंच चढते. वर सांगितलेला घनाचा हिशेब येथें आडवा येतो. उंची मिळाली ती कडकपणा विकत घेऊन. संत्र्यांच्या पेट्या किंवा ढेपेचीं पोतीं नेहमींच वाहणाऱ्या गाडीला हा पाटा शोभतो, नव्हे, आवश्यक असतो. भाराखालीं तीच गाडी मऊ चालते. पण आठवड्यांतून एकदां नवरा-बायको आणि दोन मुलें यांना घेऊन निघणाऱ्या गाडींत तो पाटा सतत आपल्या ओझ्याची वाट पाहत बसतो आणि दरम्यान माणसांना छळतो. शिवाय आंखूड पाट्याच्या टोंकापाशीं वरच्या पाट्यावर सगळा जोर येतो आणि तो बहुधा तेथेंच मोडतो. घालावयाचाच असेल तर लांब आणि पातळ पाटा घालावा. उंची थोडी कमी मिळेल, पण चाल राहील.

तिसरी रीत आस आणि कमान यांच्या जागा बदलण्याची. मूळ विलिस जीपमध्यें कमान आसाच्या खालून जाते. ती उचलून आसाच्या वर बसविली तर गाडी एकदम पांच इंचांच्या आसपास वर येते, आणि पाटे तेच असल्यामुळें मऊपणाहि तोच. कागदावर यापेक्षां चांगला सौदा नाहीं. पण आस आतां कमानीपासून दूर लोंबकळतो. जोरानें ब्रेक दाबला किंवा चढावर क्लच सोडला कीं तो स्वतःभोंवतीं पिळतो आणि कमान इंग्रजी एस अक्षरासारखी वांकते. प्रोपेलर शाफ्टचे कोन बिघडतात, स्टिअरिंगच्या दांड्या नव्यानें बसवाव्या लागतात, ब्रेकच्या नळ्या आंखूड पडतात. आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. गुरुत्वमध्य जमिनीपासून २४ इंचांवर आहे असें धरलें आणि गाडीचें अंग केवळ चारच इंचांनीं वर गेल्यामुळें तो २८ इंचांवर आला, तर उलटण्यापूर्वीं गाडी जितका आडवा जोर सहन करूं शकते त्यांतील सातवा हिस्सा गेला. जुन्या जीपच्या दोन चाकांमधील अंतर सुमारें चार फूटच असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे चिखलदऱ्याच्या वळणांवर हा सातवा हिस्सा कोणी खुशीनें सोडणार नाहीं. निष्णात कारागिराच्या देखरेखीखालीं, केवळ आडरानासाठीं ठेवलेल्या गाडीला ही रीत ठीक. कुटुंबाच्या गाडीला नाहीं. याच जातीची, पण लहान, युक्ति म्हणजे आस आणि कमान यांच्यामध्यें लोखंडी ठोकळा घालणें. तो मागें चालतो. पुढें केव्हांहि घालूं नये, कारण ब्रेक दाबतांना सर्व जोर पुढच्या आसावर येतो.

चौथी रीत अधिक कमान असलेला नवा संच घेण्याची. हीच महाग, आणि चालीच्या दृष्टीनें हीच सर्वांत चांगली. मात्र संच समजून घेतला तर. नव्या संचांत पाट्यांची जाडी आणि संख्या पुन्हां ठरवितां येते. पातळ पाटे अधिक, प्रत्येक पाट्याचें टोंक निमुळतें, टोंकांमधें घर्षण कमी करणारी चकती, डोळ्यांत चांगले बुश, अशी जुडी गाडीला दीड-दोन इंच उंच करूनहि जुन्या गंजलेल्या कमानीपेक्षां मऊ चालूं शकते. याउलट चार जाड पाट्यांचा 'हेवी ड्युटी' म्हणून विकला जाणारा संच दिसावयास भक्कम, किंमतीस कमी, आणि बसणाऱ्यास शिक्षा. कमान फार वांकविलेली असली तर ती मऊ असूनहि आदळते. कारण शॅकल जवळजवळ उभा होऊन त्याला झुलावयास जागा उरत नाहीं. गाडी आपल्या नेहमींच्या भारासह उभी असतांना कमान जवळजवळ सपाट दिसावी आणि शॅकल थोडा कललेला असावा, ही साधी खूण पुरे. विलायतेंत जुन्या लँड रोव्हर गाड्यांना पॅराबोलिक कमानी घालण्याची पद्धति आहे. यांतील पाटे मधें जाड आणि टोंकांकडे पातळ होत जातात, संख्येनें दोन-तीनच असतात आणि टोंकांखेरीज एकमेकांस स्पर्श करीत नाहींत. घर्षण नाहींसें झाल्यामुळें चाल फार सुधारते, मात्र झोंके थांबविण्याचा सगळा भार शॉक-ॲब्झॉर्बरवर पडतो आणि ते चांगले लागतात. भारतीय मालमोटारींत व बसगाड्यांत अशा कमानी आतां सर्रास असतात.

येथें कमानवाल्याच्या भट्टीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. जुनी कमान बसली कीं तिला तापवून पुन्हां कमान मारून देणारे कारागीर अकोला, अमरावती, परतवाडा येथें आहेत, आणि त्यांच्या हातांत कसब आहे. परंतु कमानीचें सिलिकॉन-मँगॅनीज पोलाद सुमारें ८५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलांत विझवावें लागतें, आणि नंतर पुन्हां ४५० ते ५०० अंशांपर्यंत तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. यांतील दुसरी पायरी गाळली तर पाटा कांचेसारखा तुटतो; पहिली नीट झाली नाहीं तर तो महिन्या-दोन महिन्यांत पुन्हां बसतो. म्हणून नुसतें लाल करून ठोकून दिलेल्या पाट्यांवर फार विसंबूं नये. थंड पाट्यालाच दाबून थोडी कमान देणें त्यापेक्षां बरें, कारण त्यांत निदान मूळचें पाणी उतरत नाहीं.

एवढें झाल्यावर काळ्या मातीचा मुद्दा उरतो, आणि तो बहुतेकांच्या लक्षांत येत नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांतील पांदणींतून श्रावणांत गाडी नेणाऱ्याला उंची हवी असते ती चिखलांत रुतूं नये म्हणून. परंतु कमानी उंच केल्यानें वर जाते ती चेसी. आस जेथल्या तेथेंच राहतो. आसाच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून जितका वर आहे तितकाच राहणार, कारण त्याची उंची चाकाच्या त्रिज्येवर ठरते, कमानीवर नाहीं. चिखलांत नांगरासारखा रुतून बसतो तो हाच गोळा. बंडीला कमान नसूनहि ती त्याच पांदणींतून पार होते, तें तिच्या मोठ्या चाकांमुळें आणि उंच आसामुळें. उंच कमानीचा उपयोग एवढाच कीं तिच्यामुळें मडगार्डाखालीं थोडें मोठें टायर मावतें. नाल्याच्या कांठावर पोट टेकत नाहीं, हाहि लाभ खरा. पण तो खडकाळ मेळघाटांतला, काळ्या रानांतला नव्हे. ज्याची गाडी मुख्यतः अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर या भागांत शेतावर जाते त्यानें कमानींवर पैसे घालण्यापूर्वीं टायरांचा विचार करावा.

टायर ही तर गाडीची पहिली कमान आहे. त्यांतील हवा थोडी कमी केली तर खडीवरचे बारीक हादरे एकदम मावळतात. पक्क्या सडकेवर येतांच मात्र ती पुन्हां भरावी लागते. मुरमाच्या रस्त्यावर ज्या आडव्या लाटा उठतात त्यांवरून ताशीं ४० किलोमीटरच्या वेगानें जातांना चाकाला सेकंदाला दहा-पंधरा धक्के बसतात, आणि आस-चाकांची जोडी स्वतःच साधारण त्याच लयींत नाचूं लागते. तेथें मऊ कमानीचा फार उपयोग होत नाहीं; चांगला शॉक-ॲब्झॉर्बर आणि योग्य हवेचें टायर यांचा होतो. गाडी उंच केल्यावर जुना शॉक-ॲब्झॉर्बर आंखूड पडतो आणि चाक खड्ड्यांत लोंबलें कीं पुरता ताणून खटकन् आदळतो. कमान कडक झाली म्हणून जी ओरड होते, तिच्यांतील बराच भाग या खटक्याचा असतो.

कायद्याची बाजूहि पाहिली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीच्या वेळीं उत्पादकानें दिलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरबदल गाडींत करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हें कलम कडक अर्थानेंच वाचावें असा निर्णय दिला. बसलेल्या कमानी बदलून गाडी मूळच्या उंचीवर आणणें ही दुरुस्ती झाली. ती पांच इंच वर चढविणें ही निराळी गोष्ट. तेव्हां मोठा बदल करावयाचा असेल तर प्रथम प्रादेशिक परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें. वास्तविक पाहतां पुष्कळ जुन्या जीपा मूळच्या उंचीपासूनच इंच-दोन इंच खालीं बसलेल्या असतात, आणि मालकाला जी उंची नव्यानें हवीशी वाटते ती त्याच्या गाडीची जुनीच उंची असते.

नवा संच बसवितांना दोन गोष्टी कारागिराला आठवण करून द्याव्यात. बुश रबरी असतील तर डोळ्यांचे व शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असतांना पुरते आवळूं नयेत. चाकें जमिनीवर टेकवून, गाडीचा भार कमानींवर आल्यावर आवळावेत, नाहींतर रबर पिळलेलें राहतें आणि लौकर फाटतें. आस कमानीला धरून ठेवणारे यू-बोल्ट नवेच घ्यावेत. पाटे एकमेकांवर बसत जातात तसतसे हे बोल्ट सैल होतात. म्हणून पहिल्या कांहींशें किलोमीटरांनंतर ते पुन्हां आवळून घ्यावेत, आणि सिमेंटच्या पोत्यांची मोजणीहि त्याच वेळीं पुन्हां करावी, कारण नवी कमान पहिल्या दिवशीं दाखविते ती उंची आणि तो कडकपणा जरा बसल्यावर थोडा बदललेला असतो.